भरतीच्या पाण्यात वल्हे की पायडल?

राजगढ हे धार जिल्ह्याच्या सरदारपूर तहसिलीतील गाव. याच तहसिलीत मिंडा गावाजवळ मही नदी उगम पावते. तिच्या काठी वाढलेल्या माणसाला पाणी कोणत्या दिशेने वाहते असे विचारले, तर तो या प्रश्नालाच हसेल. पाणी उंचावरून सखलाकडे वाहते, पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात आटते, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. सकाळी खाली गेलेले पाणी दुपारी उलट चढत आले, असे त्याच्या गावी कधी घडत नाही.

तीच मही सुमारे ५८० किलोमीटर वाहून खंभातच्या आखाताला मिळते, तेव्हा तिची ही एकमार्गी रीत संपते. खंभातच्या आखातातली भरती ही हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची सर्वांत मोठी. भावनगरच्या बाजूस उधाणाच्या दिवशी पाणी दहा मीटरांहून अधिक चढते आणि तितकेच उतरते. १९३० च्या मार्चमध्ये दांडीच्या वाटेवर असलेले गांधीजी मही ओलांडण्यासाठी कंकापुऱ्याला आले, तेव्हा रात्रीची भरती येईपर्यंत थांबूनच नाव पाण्यात घालावी लागली. सरकारचा कायदा मोडावयास निघालेल्या त्या पुरुषाला भरतीची वेळ मात्र पाळावी लागली.

माळव्यातील तरुणांना कयाक नावाची लहान होडी आज अपरिचित राहिलेली नाही. महेश्वरजवळच्या सहस्रधारेत नर्मदेचे पाणी खडकांतून शेकडो धारांनी फुटते; त्या खळाळात कयाकच्या शर्यती होतात. २०२३ च्या आरंभी मध्य प्रदेशात खेलो इंडिया युवक स्पर्धा भरल्या, त्यांतील स्लॅलमच्या शर्यती तेथेच झाल्या. या तरुणांपैकी एखाद्याला गळाचाही नाद असला, आणि सुटीत तो आपली होडी घेऊन कोकणात उतरला, तर त्याच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. मासे धरण्यासाठी हल्ली दोन प्रकारच्या कयाकी मिळतात. एक हाताने वल्हवायची, दुसरी सायकलप्रमाणे पायाने चालवायची. नदीत किंवा तलावात या दोहोंतील निवड ही बरीचशी आवडीची आणि पैशाची बाब असते. भरती-ओहोटीच्या पाण्यात तसे नसते. तेथे चुकीच्या निवडीची किंमत जिवाने मोजावी लागण्याचा संभव असतो, आणि म्हणूनच या विषयाचा थोडा खोलात जाऊन विचार करणे जरूर आहे.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांची होडी. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेले सीलचे कातडे, मधोमध एक माणूस मावेल एवढेच भोक, आणि दोन्ही टोकांना पाते असलेले एक वल्हे, एवढाच तिचा संसार. या होडीतून तो मनुष्य सीलची शिकार करीत असे. शिकार टप्प्यात आली की त्याला वल्हे बाजूला ठेवून भाला उचलावा लागे. म्हणजे ज्या क्षणी होडी स्थिर असणे सर्वांत अगत्याचे, नेमक्या त्याच क्षणी ती सांभाळणारे हात दुसऱ्या कामाला लागत. एकट्याने होडीतून शिकार किंवा मासेमारी करणाऱ्या प्रत्येक मनुष्याची ही जुनी अडचण आहे. ब्रह्मदेशातील इन्ले सरोवरावर राहणाऱ्या इंथा कोळ्यांनी तिच्यावर आपल्या परीने तोड काढली आहे. ते होडीच्या टोकावर एका पायावर उभे राहतात, दुसऱ्या पायाची मिठी वल्ह्याला घालून होडी हाकतात, आणि मोकळ्या हातांनी शंकूच्या आकाराचे जाळे टाकतात. पाहणाऱ्याला तो डोंबाऱ्याचा खेळ वाटतो; त्यांचा मात्र तो रोजचा धंदा आहे.

१९९७ साली कॅलिफोर्नियातील होबी या कंपनीने हीच कल्पना यंत्राच्या रूपाने बाजारात आणली. तिच्या कयाकीत बसणाऱ्याने पुढे पाय पसरून दोन पायडले आळीपाळीने दाबावयाची. त्यासरशी होडीच्या पोटाखाली दोन लवचीक पर पेंग्विन पक्ष्याच्या पंखांप्रमाणे डावीउजवीकडे हलतात आणि होडी पुढे सरकते. पुढे इतर कंपन्यांनी परांच्या जागी पंखा बसवून सायकलसारखी गोल फिरणारी पायडले आणली. उलटे पायडल मारले की ही होडी मागे येते. सुकाणू हाताशी एका लहान दांडीने फिरवावयाचे. हात मोकळे राहिले, गळाची काठी हातात राहिली, आणि इनुइट शिकाऱ्याची अडचण निदान कागदावर तरी संपली.

आता हे सारे कोकणच्या खाडीत कसे उतरते ते पाहू. उदाहरणासाठी वसईची खाडी घेण्यास एक कारण आहे. सरदारपूर तहसिलीतच अमझेरा हे गाव आहे. १७२८ साली चिमाजी अप्पांनी तेथे गिरधर बहादूराचा पराभव केला आणि माळव्याची वाट मराठ्यांना मोकळी झाली. तेच चिमाजी अप्पा पुढे वसईवर आले आणि १७३९ साली त्यांनी तो किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. अमझेऱ्याच्या रणात पाण्याचा विचार करण्याचे कारण नव्हते. वसईच्या किल्ल्याला मात्र तिन्ही बाजूंनी पाणी होते, आणि ते दिवसातून दोनदा चढणारे व दोनदा उतरणारे होते. माळव्यातून येणाऱ्या माणसाने समुद्राची पहिली ओळख येथे करून घ्यावी, हे म्हणूनच उचित दिसते.

वसईच्या किल्ल्याच्या दक्षिणेस उल्हास नदीची खाडी समुद्राला मिळते. किल्ल्याच्या पलीकडे पाचूबंदर ही कोळ्यांची वस्ती आहे. येथील मासेमारीत डोल नावाच्या जाळ्याला मोठे स्थान आहे. डोल म्हणजे लांब पिशवीसारखे जाळे; समुद्राच्या तळाशी ते पक्के बांधतात आणि त्याचे तोंड प्रवाहाकडे करतात. प्रवाहच बोंबील, जवळा, कोळंबी त्यात भरतो. पाणी थबकले, म्हणजे भरतीची ओहोटी होण्यापूर्वी जो थोडा वेळ ते उभे राहते, त्या अवधीत जाळे ओढून घ्यावयाचे. डोलीचा सारा धंदा असा पाण्याच्या येण्याजाण्यावर चालतो. यास्तव तेथला कोळी घड्याळाआधी पाणी पाहतो.

भरतीची वेळ काढण्याची कोकणातील जुनी रीत अगदी सोपी आहे. पंचांगातील तिथीला पाऊणपट करावे. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा वाजता. दोन भरतींत सुमारे साडेबारा तासांचे अंतर असल्यामुळे हाच हिशेब सकाळी आणि संध्याकाळी, थोड्याफार फरकाने, दोन्ही वेळा लागू पडतो. आणि दर दिवशी भरती पाऊण-एक तासाने पुढे सरकते ती याच कारणाने. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा येते. नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो ती पाहावीत; मुंबईच्या अपोलो बंदरावर भरतीची मोजणी १८७८ पासून चालू आहे. पण कोष्टक घरी राहिले, फोनची बॅटरी संपली, तरी तिथी सोबत असतेच. रविवारी मिस्सेला जाणारा वसईचा ख्रिस्ती कोळीसुद्धा पाणी तिथीवरूनच मोजतो, आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. वाटण्याचे कारणही नाही. ईस्टरचा रविवार हा मुळी वसंतातल्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार असतो. त्यामुळे गुड फ्रायडेच्या जोड सुटीत जे हौशी लोक होड्या घेऊन किनाऱ्यावर येतात, ते पुष्कळदा उधाणाच्या आगेमागेच येतात. हे ध्यानात ठेवलेले बरे.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती ती उधाणाची; अष्टमीच्या सुमाराची लहान भरती ती भांगाची. मुंबई-वसईकडे उधाणाला पाणी चार मीटर किंवा त्याहूनही अधिक चढउतार करते, भांगात त्याच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय हे पाणी सहा तासांत सारख्या गतीने उतरत नाही. दर्यावर्दी लोकांचा एक ठोकताळा आहे: एकूण उताराचे बारा भाग करावेत, पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक, याप्रमाणे पाणी जाते. म्हणजे चार मीटरांपैकी दोन मीटर पाणी केवळ मधल्या दोन तासांत निघून जाते. एवढे पाणी खाडीच्या अरुंद तोंडातून बाहेर पडावयाचे, तर ते धावतच जाणार. अशा वेळी तासाला चार किलोमीटर हा वेग काही असाधारण नव्हे.

मासे धरण्याच्या रुंद कयाकीला वल्हे मारून साधारण माणूस तासाला चार-पाच किलोमीटर जातो. म्हणजे भर ओहोटीत त्याने तोंड फिरवून घराकडे जोर लावला, तरी तो जेमतेम जागेवर राहील, किंवा तासाला एखादा किलोमीटर पुढे सरकेल. हा हिशेब वल्हे हातात असताना. आता गळाला एक चांगला रावस किंवा जिताडा लागला असे धरा. वल्हे मांडीवर आले, दोन्ही हात काठीला आणि रिळाला. मासा थकवून होडीजवळ आणणे, गळ काढणे, दोरीचा गुंता सोडवणे, यात पंधरा मिनिटे सहज जातात. तेवढ्या वेळात पाण्याने होडी एक किलोमीटर समुद्राकडे नेलेली असते. मासा मोठा म्हणून त्या मनुष्याला आनंद झालेला असतो, आणि मान वर करून पाहतो तो किल्ल्याचा तट बोटभर झालेला दिसतो.

पायडलच्या होडीचा खरा लाभ येथे आहे, आणि तो मान्य केलाच पाहिजे. माशाशी झटापट चालू असताना पाय आपले काम करीत राहतात. होडी प्रवाहाला तोंड देऊन जवळजवळ त्याच ठिकाणी उभी राहू शकते. मांडीचे स्नायू दंडाच्या स्नायूंपेक्षा पुष्कळ बळकट, त्यामुळे तोच वेग अधिक काळ टिकतो. वल्ह्याचे पाते वर उचलले की त्याला वारा लागतो. पायडलचे सारे यंत्र पाण्याखाली, त्याला वाऱ्याची बाधा नाही. खडकाच्या बाजूला उभे राहून तांबोशीसाठी गळ सोडावयाचा असेल, तर प्रवाहात होडी एका जागी धरून ठेवणे हेच अर्धे कौशल्य असते, आणि ते पायडलने जितके साधते तितके एकट्या वल्ह्याने साधत नाही.

वल्हेवाल्याला यावर एकच उपाय, तो नांगर. परंतु लहान होडीतून धावत्या पाण्यात नांगर टाकणे हे नवशिक्याला वाटते तितके निरुपद्रवी काम नाही. दोरी होडीच्या मधल्या भागी, कुशीला, बांधलेली असेल, तर प्रवाह होडीला आडवी करतो, तिची एक कड खाली ओढतो आणि पाहता पाहता ती पालथी होते. नांगराची दोरी नेहमी नाळेकडे किंवा मागच्या टोकाकडेच असली पाहिजे, ती एका हिसक्यात सुटली पाहिजे, आणि सुटली नाही तर कापण्यासाठी सुरी हाताला लागेल अशी बांधलेली पाहिजे. ही सुरी माशासाठी आणलेल्या सुरीपेक्षा निराळी असावी. ती माशाच्या पिशवीत तळाशी गेलेली नसावी.

एवढ्यावरून पायडलची होडी सरस ठरवून मोकळे होता आले असते. पण कोकणची खाडी म्हणजे केवळ खाडीचे तोंड नव्हे. आत तिवरांच्या फांद्यांखाली, चिखलाच्या पाटांवरून, कालवांनी भरलेल्या खडकांमधून जी पाण्याची वाट जाते, तेथे हाताच्या वल्ह्याला तोड नाही. वल्ह्याची होडी वीतभर पाण्यावर तरंगते. पायडलच्या परांना किंवा पंख्याला गुडघाभर तरी पाणी लागते, आणि कालवांच्या धारेवर एकदा आपटले की पराची चाळण होते. तिवरांत भरतीबरोबर शिरलेला मनुष्य बोयीच्या नादात थोडा अधिक रमला आणि पाणी उतरू लागले, तर वल्हेवाला चिखलावरून वल्ह्याच्या टोकाने होडी रेटीत बाहेर पडतो. पायडलवाला यंत्र वर ओढून घेतो आणि मग त्याला वल्ह्याची आठवण होते. ते बरोबर असले तर ठीक. कांदळवनातील चिखल कमरेपर्यंत गिळतो. त्यात उतरून होडी ओढण्याचा विचार कोणी करू नये. होडीतच बसून पुढच्या भरतीची वाट पाहावी, मग ती सहा तासांनी येवो.

दुसरी गोष्ट जाळ्यांची. डोलीचे खुंट, त्यांच्या दोऱ्या, वर तरंगणारी पिंपे, आणि खाडीत आडवी सोडलेली जाळी, यांनी हा किनारा भरलेला आहे. वल्हेवाला दोरीवरून अलगद सरकून जातो. पायडलखालचा पंखा दोरी गुंडाळून घेतो. मग भर प्रवाहात होडी त्या दोरीला टांगल्यासारखी अडकते आणि आडवी होते, हा एक धोका. आणि सुटण्यासाठी तो हौशी गृहस्थ कोळ्याचे जाळे कापून टाकतो, हा दुसरा अन्याय. त्या जाळ्यावर एका घराची चूल चालत असते. सुटीचा छंद म्हणून पाण्यात उतरलेल्याने याचा विचार होडी विकत घेतानाच केला पाहिजे. पिंपे दिसली की दूरून वळसा घालावा, आणि निघण्यापूर्वी बंदरावरच्या मच्छिमार संस्थेत जाऊन जाळी कोणीकडे मांडली आहेत ते विचारून घ्यावे. कोळी लोक बोलण्यात रोखठोक असतात, पण विचारणाऱ्याला चुकीची वाट सांगत नाहीत.

तिसरी गोष्ट लाटेची. लाटेने होडी कलंडू लागली तर वल्हेवाला पाण्यावर वल्ह्याचे पाते सपाट आपटून क्षणभर टेकू घेतो. हा टेकू म्हणजे त्याचा तिसरा हातच. पायडलवाल्याच्या हातात काठी असते, आणि काठीचा टेकू मिळत नाही. म्हणून पायडलच्या होड्या अधिक रुंद आणि जड बांधतात. याच गरजेपोटी मालवणकडच्या कोळ्याने आपल्या अरुंद होडीला एका बाजूस उलांडी जोडली. दोन आडव्या दांड्यांवर बांधलेला तो लाकडी तराफा होडीला कलंडू देत नाही, आणि होडीचे अंग अरुंदच राहिल्यामुळे ती हलकीही चालते. कारखान्यातल्या रुंद प्लास्टिकच्या होडीपेक्षा ती युक्ती अधिक देखणी आहे, असे कोणी म्हटले तर त्यात वावगे नाही. किनाऱ्याला लागताना तर पायडलवाल्याने फार दक्ष असावे. फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे असतानाच पर किंवा पंखा वर उचलून, सुकाणू वर घेऊन, शेवटचा पल्ला वल्ह्यानेच गाठावा. खाली राहिलेले यंत्र वाळूत रुतले की मागून येणारी लाट होडीला त्याच खुंटाभोवती फिरवून उलथवते.

सर्वांत मोठा धोका मात्र यंत्रात नाही. यंत्राने येणाऱ्या हिमतीत आहे. वल्हेवाल्याचे खांदे तासाभरात दुखू लागतात आणि त्याला किती दूर आलो याची जाणीव देतात. पाण्याचा भार त्याच्या मनगटाला सतत कळत असतो. ओहोटी सुरू झाली की वल्हे जड होते आणि त्याला वळावेसे वाटते. पायडलवाला आरामात खुर्चीला पाठ टेकून बसलेला असतो, नजर गळाच्या दोरीवर असते, आणि पाय नकळत चालत राहतात. ओहोटी पाठीशी असताना तो तासाभरात आठ-नऊ किलोमीटर बाहेर जाऊन बसतो. परत येताना तीच ओहोटी समोरून येते, तेव्हा त्याच पायांना तासाला एकदेखील किलोमीटर मिळत नाही. यंत्राचा एखादा खिळा तुटला तर तेही मिळत नाही. वसईसारख्या किनाऱ्यावर याला वाऱ्याची जोड मिळते. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे सुरू होतात. वसईच्या खाडीचे तोंड पश्चिमेला आहे. दुपारची ओहोटी पश्चिमेकडे धावत असते आणि खारा वारा तिच्या तोंडावर येत असतो. पाणी एकीकडे आणि वारा उलटीकडे, असे झाले की खाडीच्या तोंडाशी आखूड, उभ्या, एकावर एक चढणाऱ्या लाटा उठतात. मोठ्या होडीतला तांडेल त्यातून सुखरूप येतो. बसलेल्या माणसाच्या कमरेइतकीही उंची नसलेल्या कयाकीचे तसे नाही.

आता तिथीचा हिशेब पुन्हा मांडून पाहावा. पौर्णिमेला भरती सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. म्हणजे सुटीचा मनुष्य न्याहारी उरकून आरामात बाहेर पडतो ती वेळ भरलेल्या पाण्याची. पाणी शांत, किनारा जवळ, चिखल झाकलेला, सारे मोहक. त्यानंतर सहा तास ओहोटी, तीही उधाणाची, आणि दोन-तीनच्या सुमारास, जेव्हा तिचा जोर सर्वांत अधिक, नेमका तेव्हाच खारा वारा. याहून वाईट मेळ जमवणे कठीण. अष्टमीला पाहावे तर भरती सकाळी सहाला. सातच्या सुमारास निघणाऱ्याला भांगाची सौम्य ओहोटी आणि पाठीमागून मतलई वारा, दोन्ही बाहेर नेतात. बाराला पाणी थबकते. त्यानंतर भरती सुरू होते, खारा वारा सुरू होतो, आणि दोन्ही घराकडे आणतात. वल्हे असो की पायडल असो, त्या दिवशी येणेजाणे पाणी आणि वाराच करतात; हातापायांना केवळ दिशा सांभाळावयाची. डोलवाला कोळी या दिवसांवर खूश नसतो, कारण जाळे भरण्याइतका जोर पाण्यात नसतो. गरवणाऱ्याला मात्र तेच सोयीचे. आमिष तळाशी टिकते आणि दोरी सरळ राहते. एकाच समुद्रातून पोट भरणाऱ्या दोघांचे चांगले दिवस असे वेगळे असावेत, यात मोठी मौज आहे.

गोड्या पाण्यावर वाढलेल्या माणसाचा दोष त्याला पाण्याचे भय नसण्यात नसतो. त्याचे भय दुसऱ्या जागी असते. तो वाऱ्याला आणि पुराला भितो. बायबलातील पेत्र हा पट्टीचा कोळी, पण त्याचे गालील सरोवरही गोड्या पाण्याचे. तेथे वादळे अचानक उठत, भरती-ओहोटी मात्र नावापुरतीही नव्हती. महेश्वरच्या खळाळातून कयाक लीलया काढणारा तरुण खाडीच्या संथ दिसणाऱ्या पाण्यावर म्हणूनच फसण्याचा संभव अधिक. खळाळ गर्जून सांगतो. ओहोटी आवाज न करता नेते.

अशा तरुणाने आरंभ वल्ह्याच्या होडीने करावा, हे मत अनेक जाणत्यांना पटेल. ती निम्म्याहून कमी किमतीत येते, वजनाने पंचवीस-तीस किलो असल्यामुळे एकट्याने मोटारीच्या टपावर चढवता येते, आणि पाणी केव्हा फिरले ते अंगाला शिकवते. खाडीच्या आतले, तिवरांमधले मासे धरण्यात ज्याचे मन रमते त्याला पुढेही दुसऱ्या होडीची गरज पडणार नाही. ज्याला खाडीच्या तोंडाबाहेर, खडकांच्या बाजूला गळ टाकावयाचा आहे, त्याने पुढे पायडलची होडी जरूर घ्यावी. तेथे ती चैन नसून सोय आहे. मात्र तिच्यातही वल्हे दोरीने बांधून ठेवलेलेच असावे. अंगात जीवरक्षक जाकीट असावे. होडीच्या मागे बांधून ठेवलेले जाकीट बुडत्याच्या कामाला येत नाही. शिटी गळ्यात, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि त्यात भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आधीच नोंदलेला. कोणत्या बंदरातून निघालो आणि किती वाजता परतणार, हे किनाऱ्यावर एका माणसाला सांगून जावे, आणि परतल्यावर त्याला तसे कळवावे. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात, आणि मग रात्री कोळ्यांच्या होड्या अशा माणसाच्या शोधार्थ बाहेर पडतात, जो केव्हाच घरी जाऊन झोपलेला असतो.

परतल्यावर होडी गोड्या पाण्याने धुवावी. वल्ह्याच्या होडीला दोन बादल्या पुरतात. पायडलचे यंत्र मात्र बाहेर काढून, त्याचे सांधे, साखळ्या आणि तारा धुऊन, वाळवून, तेल द्यावे लागते. नाही तर माळव्यात परत पोहोचेपर्यंत मीठ आपले काम सुरू करते, आणि पुढच्या सुटीत ऐन खाडीच्या तोंडाशी पायडल अडते.